स्वामित्वधन व अनुज्ञप्ती, आंतरजालीय जाहिरातींतील

एखाद्या कृतीचा, नावाचा वा चिन्हाचा वापर ठराविक मर्यादेत करण्याची जी परवानगी मालक दुसऱ्यास देतो, तिला अनुज्ञप्ती म्हणतात. आणि अशा वापराच्या प्रमाणात मालकास जो मोबदला वेळोवेळी मिळत राहतो, तो स्वामित्वधन किंवा रॉयल्टी होय. ग्रंथप्रकाशन, नाटक, ध्वनिमुद्रण व चित्रपट या क्षेत्रांत या कल्पना रुळलेल्या आहेत. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर स्वतःच्या चित्रफिती प्रसिद्ध करणारे निर्माते आणि त्यांच्याकडून आपल्या मालाची प्रसिद्धी करवून घेणारे व्यापारी यांच्या व्यवहारास त्या लागू करताना मात्र एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. तयार झालेली चित्रफीत मुळात कोणाच्या मालकीची? कारण जो मालक नाही, त्याला अनुज्ञप्ती देता येत नाही आणि स्वामित्वधनही मागता येत नाही.

वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या जुन्या वस्त्यांपैकी इतवारी ही घाऊक व्यापाराची पेठ होय. सराफा, कापड, किराणा व धान्य यांची दुकाने येथे दाटीने वसलेली आहेत. अशा पेठेत व्यवहाराची सर्वसाधारण रीत पुढीलप्रमाणे असते : दुकानदार स्थानिक निर्मात्यास बोलावतो, नव्या साड्या उलगडून दाखवितो आणि निर्माता दुकानातच मोबाइलवर चित्रण करतो. मोबदला कधी रोख असतो, तर कधी एखादी साडी. बोलणी तोंडी, फार तर व्हॉट्सॲपवरील दोन ओळींत. पुढे दिवाळीत तीच चित्रफीत दुकानाच्या खात्यावर, पैसे भरून केलेल्या जाहिरातीत आणि माल पुरविणाऱ्या कारखानदाराच्या पानावरही झळकू लागली, म्हणजे निर्माता विचारतो की, या वाढीव वापराचे पैसे कोठे आहेत?

कायद्याचे उत्तर त्याच्या अपेक्षेच्या उलट निघण्याचा संभव असतो. लेखाधिकार म्हणजे कॉपीराइट यासंबंधीचा भारतीय कायदा १९५७ चा असून त्याच्या कलम १७ प्रमाणे कृतीचा कर्ता हा तिचा पहिला मालक असतो. परंतु याच कलमात एक अपवाद आहे. मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून कोणी छायाचित्र काढवून घेतले किंवा चित्रपट करवून घेतला, तर उलट करार नसल्यास सांगणारा व पैसे देणाराच पहिला मालक ठरतो. कायद्याच्या व्याख्येनुसार दृश्य मुद्रणाची कोणतीही कृती चित्रपट या सदरात येते. त्यामुळे अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही त्यातून सुटत नाही. मोबदला रोखच असावा, असेही बंधन नाही. याचा अर्थ असा की, जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे दुकानदाराने अनुज्ञप्ती घेण्याचा प्रश्नच बहुधा उद्‌भवत नाही. तो मालक होऊन बसलेला असतो. ‘चित्रफितीचा लेखाधिकार निर्मात्याकडे राहील आणि दुकानास पुढील वापरापुरती अनुज्ञप्ती असेल’ हे एक वाक्य कामाला सुरुवात होण्यापूर्वी लिहून घेणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते दराच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे आहे.

तथापि मालकी गेल्याने सारेच जाते असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १७ ला एक परंतुक जोडले गेले. त्यानुसार चित्रपटात समाविष्ट केलेल्या साहित्यकृती व संगीतकृती यांच्या कर्त्यांचे हक्क वरील अपवादामुळे बाधित होत नाहीत. निर्मात्याने स्वतः संहिता लिहिली असेल वा चाल बांधली असेल, तर तिच्यावरील त्याचा हक्क वेगळा उरतो. शिवाय चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांवरील स्वामित्वधनाचा समान वाटा लेखकास व संगीतकारास सोडून देता येत नाही, असेही त्या दुरुस्तीने ठरविले. एकट्या निर्मात्यास हा वाटा प्रत्यक्ष वसूल करणे अवघडच जाते, ही गोष्ट निराळी.

प्रयोगकर्त्याचे हक्क हा आणखी एक आधार आहे. कायद्यातील व्याख्येत नट, गायक, वादक व नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही नावानिशी आले आहेत. व्याख्यान देणाराही प्रयोगकर्ताच मानला जातो. कॅमेऱ्यासमोर साडीचा पोत समजावून सांगणाऱ्यास त्यात जागा मिळण्यास अडचण नसावी. हे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले व व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधन २०१२ मध्ये मान्य झाले. गायकांनाही स्वामित्वधन मिळावे, ही लता मंगेशकर यांची १९६० नंतरच्या दशकातील मागणी त्या वेळी चित्रपटसृष्टीत वादाचा विषय झाली होती आणि तीवरून महंमद रफी यांच्याशी त्यांचे मतभेदही झाले होते. मागणी आणि कायदा यांत सुमारे अर्धशतकाचे अंतर पडले.

करारातील बाबी : हक्क पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करणे म्हणजे अभिहस्तांकन. ते लेखी व देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. अनुज्ञप्तीही लेखीच द्यावी लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश व किती मोबदला यांचा उल्लेख दस्तात असला पाहिजे. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. अभिहस्तांकित हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर एरवी ठरले नसल्यास ते संपुष्टात येतात. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा उल्लेख स्पष्टपणे केलेला नसेल, तर त्या माध्यमापुरते अभिहस्तांकन लागू पडत नाही. अभिहस्तांकनाविषयीचे यांपैकी बहुतेक नियम योग्य त्या फेरफारांसह अनुज्ञप्तीसही लागू आहेत. दुकानाच्या खात्यावर चित्रफीत ठेवणे, पैसे भरून तिची जाहिरात करणे, तिच्यातील छायाचित्र फलकावर छापणे आणि ती तिसऱ्यास देणे हे चार वेगळे वापर असून त्यांचे दरही वेगळे ठरविणे योग्य होय.

प्रदेशाचे कलम किती महत्त्वाचे असते, हे नागपूरशी ज्याचे नाव घट्ट जोडले गेले आहे अशा हल्दीराम या चिन्हाच्या इतिहासावरून दिसते. कुटुंबाची भागीदारी १९७४ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि उरलेला देश दुसऱ्या शाखेकडे अशी चिन्हाची वाटणी झाल्याचे पुढे न्यायालयात मांडले गेले. कोलकात्याच्या शाखेशी संबंधितांनी दिल्लीत दुकान उघडल्यावर १९९१ मध्ये दावा झाला आणि त्यातील एक मुद्दा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आंतरजालावर तर प्रदेशाची सीमा मुळातच पुसट असते. तेथे जाहिरात कोणत्या राज्यांतील प्रेक्षकांना दाखवावयाची, हे लिहून ठेवावे लागते.

संगीत : लोकप्रिय गीत पार्श्वभूमीला लावलेली व्यापारी चित्रफीत हा धोक्याचा प्रकार आहे. एकाच गीतात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन स्वतंत्र हक्क असतात. माध्यमाने वापरासाठी उपलब्ध करून दिलेला संगीतसंग्रह बहुधा वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरापुरता असतो. पैसे घेऊन केलेली प्रसिद्धी त्यात मोडत नाही. नुकसानभरपाईचा बोजा कोणी सोसावयाचा हे ठरलेले नसेल, तर ध्वनिमुद्रण कंपनीची नोटीस दोघांनाही येऊ शकते.

स्वामित्वधनाची आकारणी : ठोक रक्कम घेऊन मोकळे होणे ही सर्वांत प्रचलित रीत होय. निर्मात्याच्या नावाने वा त्याच्या पसंतीने मालाची खास मालिका काढली जाते, तेव्हा विक्रीवर टक्केवारी ठरते, आणि घाऊक पेठेत वादाची बीजे येथेच असतात. समजा, १,००० रुपये किरकोळ किंमतीची साडी घाऊक व्यापारी ६०० रुपयांना देतो आणि ‘विक्रीच्या पाच टक्के’ एवढेच ठरले आहे. किरकोळ किंमत धरली, तर प्रत्येक साडीमागे ५० रुपये येतात. घाऊक धरली, तर ३०. हजार साड्या गेल्या व १५० परत आल्या, तर निर्माता ५०,००० रुपयांची अपेक्षा करतो आणि व्यापाऱ्याच्या हिशेबाने २५,५०० रुपये होतात. दोघेही प्रामाणिक असू शकतात. म्हणून टक्केवारीपेक्षा ती कशावर हे आधी ठरवावे : बिलातील रक्कम, वस्तू व सेवा कर वगळून, परत आलेला माल वजा करून. किमान हमी रक्कम, तिमाही हिशेब आणि वह्या तपासण्याचा हक्क ही कलमे पुस्तक-प्रकाशनाच्या करारांतून घेण्याजोगी आहेत. आगाऊ रक्कम स्वामित्वधनातून वळती होणार की त्याहून निराळी, हेही लिहावे. या एका मुद्द्यावर बरीच कटुता निर्माण होते.

नाव व चेहरा : मालाच्या प्रसिद्धीसाठी कलावंताचा चेहरा वापरण्याची प्रथा जुनी आहे. लीला चिटणीस या १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. या साबणाची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका होत. आता चेहऱ्याचा धनी स्वतःच व्यापारी होऊ लागला आहे. मधुरा बाचल यांच्या पाककृतींच्या वाहिनीतून आणि ‘आपली आजी’ या वाहिनीतून त्याच नावांचे मसाले बाजारात आले. नागपूरचे उदाहरण सदर भागात चहा विकणारे डॉली चायवाला यांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी त्यांच्यासमवेतची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी आपल्या नावाच्या चहाच्या टपऱ्या चालविण्याचे हक्क इतरांस देण्याची योजना जाहीर केली. अशा योजनेत नक्की काय दिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. उंचावरून दूध ओतण्याची ढब ही केवळ शैली असल्याने लेखाधिकाराने राखता येत नाही. नाव व बोधचिन्ह १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदविता येतात आणि प्रत्यक्षात अनुज्ञप्तीचा भार त्यांच्यावरच असतो. व्यक्तिमत्त्वाच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना संरक्षण दिले. ‘सर्व माध्यमांत, कायमचे’ असे शब्द असलेल्या छापील करारावर सही करताना निर्मात्याने आवाज व चेहरा यांची कृत्रिम नक्कल स्पष्टपणे वगळावी.

पैसे वा वस्तू घेऊन केलेली प्रसिद्धी तशी आहे, हे प्रेक्षकास सांगणे आवश्यक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये घालून दिली. १ जुलै २०२२ पासून वर्षाकाठी २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या व्यावसायिक लाभवस्तूंवर दहा टक्के आयकर उगमस्थानी भरण्याची तरतूद लागू झाली. भेट म्हणून दिलेली भारी पैठणीही तिच्या कक्षेत येऊ शकते.

तंटे : अभिहस्तांकनाविषयीचे वाद व त्यातील स्वामित्वधनाची वसुली यांसाठी पूर्वी लेखाधिकार मंडळ होते, २०२१ च्या बदलानंतर हे काम वाणिज्य न्यायालयांकडे आले. हक्कभंगाचा दावा हक्कधारकास आपण राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात लावता येतो, ही कलम ६२ मधील सवलत नागपूरच्या निर्मात्यास मुंबईच्या कंपनीविरुद्ध उपयोगी पडते. मात्र वादी स्वतःच कंपनी असेल आणि तिच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणीच वादाचे कारण घडले असेल, तर तिला सोयीची दूरची शाखा निवडून तेथे दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले आहे.