कंपवातात छातीकडेही लक्ष हवे

कंपवात म्हणजे हात थरथरणे, एवढेच आपण धरून चालतो. पाय घासत चालणे, चेहरा निर्विकार होणे हेही घरच्यांच्या ध्यानात येते. पण 'बाबांना आताशा धाप लागते, खोकला धड येत नाही' ही तक्रार वयाच्या नावावर खपून जाते. या रोगात हातापायांच्या स्नायूंना जो ताठरपणा येतो, तोच छातीच्या स्नायूंनाही येतो. छाती पुरेशी फुलत नाही, श्वास उथळ होतो, आवाज बारीक पडतो. भाता शाबूत असतो, तो चालवणारे हात थकलेले असतात.

खरा धोका पुढेच आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर निबंध लिहिला. गिळण्याचा त्रास आणि तोंडातून गळणारी लाळ यांची नोंद त्यातही आहे. गिळताना चहा, पाणी, लाळ श्वासनलिकेत उतरते. एरवी अशा वेळी जोराचा ठसका लागतो. यांचा खोकला दुबळा. काहींना तर ठसका लागतच नाही. मग न्यूमोनिया होतो, आणि कंपवाताच्या रुग्णांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे.

म्हणून रुग्णाला निजवून चमच्याने पाजू नये. (प्रेमापोटी हे पुष्कळ घरांत चालते.) ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, घोट लहान. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. कोरडी भाकर घशात अडकते, ज्वारीच्या मऊ कण्या बऱ्या. दात रोज घासावेत, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत जातात.

काहींना लेव्होडोपाच्या गोळीचा असर उतरू लागला की धाप लागते. गोळी किती वाजता घेतली, धाप केव्हा लागली, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. दम्याचा पंप मनाने सुरू करू नये. अर्थात प्रत्येक धाप कंपवाताची नसते. हृदय, रक्त, बिडी, चुलीचा धूर हेही तपासावे लागते.

व्यायाम म्हणून रोज दहा मिनिटे खड्या आवाजात वाचन करावे. आपल्याकडे घरोघरी ग्रामगीता असते, तिच्या ओव्या यासाठी उत्तम.

ताप, छातीत घरघर किंवा अचानक असंबद्ध बोलणे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असेही नाही. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, जे जवळ असेल तिथे न्या. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या. भरती झाल्यावरही त्या वेळच्या वेळी मिळायला हव्यात.