विश्लेषण : हेल काउंटीच्या १९३६ मधील छायाचित्रांचे मालक कोण? सरकार, छायाचित्रकार की त्यातली माणसे?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील हेल काउंटी हा कापूस पिकवणारा एक ग्रामीण भाग आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात तिथे काढलेली छायाचित्रे आज जगात कोणीही मोबाइलवर फुकट डाउनलोड करू शकतो, छापू शकतो आणि विकूही शकतो. कायद्याची हरकत नाही. पण त्यात दिसणाऱ्या कुटुंबांच्या वारसांची हरकत आहे. ही छायाचित्रे कोणी काढली, ती ‘सर्वांची’ कशी झाली आणि वाद नेमका कशाचा, याचा आढावा…

हेल काउंटी कुठे आहे?

अमेरिकेत राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग म्हणजे काउंटी. आपल्या जिल्ह्यासारखीच, पण बहुतेकदा लोकसंख्येने बरीच लहान. अलाबामात अशा ६७ काउंटी आहेत. हेल काउंटीची स्थापना १८६७ ची. ग्रीन्सबरो हे तिचे मुख्यालय. माउंडव्हिल, ॲक्रन, न्यूबर्न ही इतर छोटी गावे. काळी जमीन, कापूस आणि गुलामगिरीच्या काळात उभे राहिलेले मोठमोठे वाडे ही या पट्ट्याची ओळख होती. १९३० च्या दशकात इथली बहुसंख्य लोकसंख्या कृष्णवर्णीय होती.

त्या वेळी कापसाची अवस्था बिकट होती. १९२९ मध्ये पौंडाला १६ सेंटच्या वर असलेला भाव १९३१ मध्ये सहा सेंटच्या खाली आला. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती ते बटाईने शेती करत. जमीन, घर आणि खेचरही मालकाचे, कष्ट बटाईदाराचे, आणि पीक आले की निम्मा वाटा मालकाचा. बियाणे, खत आणि किराणा उधारीवर असल्याने हंगाम संपताना बटाईदाराच्या हातात अनेकदा कर्जच उरे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

सरकारने छायाचित्रकार का पाठवले?

मंदीच्या काळात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने गरीब शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १९३५ मध्ये ‘रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा उभी केली. १९३७ मध्ये तिचेच रूपांतर ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये (एफएसए) झाले. या योजनांवर होणारा खर्च शहरी मतदारांना आणि संसदेला पटवून द्यायचा होता. त्यासाठी गावाकडची परिस्थिती डोळ्यांना दिसली पाहिजे, हा विचार होता. रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली एक छायाचित्र विभाग सुरू झाला. डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टीन, वॉकर एव्हान्स, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोलकॉट अशी मंडळी देशभर फिरू लागली. म्हणजे सुरुवातीला हे काम बऱ्याच अंशी सरकारी प्रचाराचे होते. पण त्यातून जवळपास पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्हचा संग्रह तयार झाला. १९४४ मध्ये तो लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला.

हेल काउंटीत नेमके काय टिपले गेले?

१९३६ मध्ये ‘फॉर्च्यून’ या मासिकाने लेखक जेम्स एजी यांना कापूस बटाईदारांवर लेख लिहायला अलाबामात पाठवले. एजींना सोबत वॉकर एव्हान्स हवे होते. एव्हान्स सरकारी पगारावर होते. सरकारने त्यांना मासिकाला ‘उसने’ दिले, मात्र एका अटीवर : निगेटिव्ह सरकारच्या मालकीच्या राहतील. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली या अटीत आहे.

दोघांनी बरोज, फील्ड्स आणि टेंगल या तीन गोऱ्या बटाईदार कुटुंबांसोबत काही आठवडे काढले. एव्हान्स यांनी बराचसा भर मोठ्या ‘आठ बाय दहा’ इंचांच्या कॅमेऱ्यावर दिला. तांत्रिक फरक समजून घ्यायचा तर, नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी असते. आठ बाय दहाच्या निगेटिव्हचे सुमारे ५१,६०० चौरस मिमी, म्हणजे जवळपास ६० पट. त्यामुळेच आज ही छायाचित्रे स्क्रीनवर झूम करत गेलो, तर फळीतल्या लाकडाच्या रेषा आणि कपड्याची वीणही दिसते.

या छायाचित्रांत घरातला स्वयंपाकाचा कोपरा आहे, भिंतीवर टांगलेला टॉवेल आणि हात धुण्याचे भांडे आहे, झिजलेले बूट आहेत, लहान मुलाची मातीची कबर आहे. घराबाहेर माउंडव्हिलचे जनरल स्टोअर, महापौरांचे छोटेखानी कार्यालय आणि ग्रीन्सबरोचे रस्ते आहेत. सर्वाधिक गाजले ते ॲली मे बरोज यांचे लाकडी भिंतीसमोरचे छायाचित्र : ओठ किंचित दाबलेले, नजर थेट कॅमेऱ्यात.

‘फॉर्च्यून’ने लेख छापलाच नाही. एजींनी तो वाढवून १९४१ मध्ये ‘लेट अस नाउ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक केले. कुटुंबांची नावे त्यात बदलली होती. तेव्हा ते फारसे खपले नाही. १९६० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र ते अमेरिकी लेखनातले महत्त्वाचे पुस्तक मानले जाऊ लागले. मूळ न छापलेला लेख तर थेट २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आला.

त्याच काउंटीत दुसरा सरकारी कॅमेराही होता?

होय, आणि ही बाब अनेकदा सुटून जाते. १९३३ च्या अखेरीस ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ ही योजना सुरू झाली. मंदीत बेरोजगार झालेल्या वास्तुविशारदांना, नकाशे काढणाऱ्यांना आणि छायाचित्रकारांना काम देणे आणि जुन्या इमारतींची नोंद करणे असा दुहेरी हेतू होता. या सर्वेक्षणानेही हेल काउंटी टिपली. ग्रीन्सबरोतला १८४० च्या सुमारास बांधलेला ‘मॅग्नोलिया ग्रोव्ह’ हा मोठ्या खांबांचा वाडा त्याच्या नोंदीत आहे.

एकाच काउंटीची दोन सरकारी खात्यांनी, एकाच दशकात काढलेली ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे संगमरवरी चुलवड आणि वळणदार जिना, दुसरीकडे फटींतून ऊन येणारी फळ्यांची खोली. वास्तूच्या नोंदीत मालकाचे नाव, बांधकामाचा काळ, मापे असे सगळे आहे. पण तो वाडा ज्या कापसावर उभा राहिला तो वेचणारे त्यात दिसत नाहीत. बटाईदारांच्या छायाचित्रांत माणसे आहेत, पण त्यांचे घर कोणाच्या मालकीचे, हे फोटोत दिसत नाही. काउंटी समजायची तर दोन्ही संग्रह एकत्र पाहावे लागतात.

ही छायाचित्रे ‘खरी’ किती?

हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. १९३६ मध्येच रॉथस्टीन यांनी साउथ डकोटात गुराची कवटी थोडी हलवून वेगवेगळ्या जागी तिची छायाचित्रे घेतल्याचे उघड झाले आणि विरोधी वृत्तपत्रांनी सरकारवर बनवाबनवीचा आरोप केला.

एव्हान्स यांच्याबाबतचा वाद बारीक आहे. एजींनी बरोज यांच्या घरातल्या वस्तूंची तपशीलवार यादी पुस्तकात दिली आहे. चुलीवरच्या फळीच्या एका छायाचित्रात गजराचे घड्याळ दिसते, यादीत ते नाही. मग ते एव्हान्स यांनी ठेवले का? चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये याच एका घड्याळावर लेखमाला लिहिली. ठाम निकाल लागला नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा निवडीचा आहे. बरोज कुटुंबाने स्वच्छ कपडे घालून, एकत्र उभे राहून काढून घेतलेला फोटोही संग्रहात आहे. तो पुस्तकात आला नाही. स्वतःला जसे दाखवायचे होते तसे त्यांनी दाखवले. जगापर्यंत मात्र दुसरेच रूप गेले. निवडीचा दुसरा परिणाम असा, की बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या काउंटीची जगभरची ओळख तीन गोऱ्या कुटुंबांच्या चेहऱ्यांतून झाली.

मालकीचा नियम काय सांगतो?

अमेरिकी कायद्यानुसार केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर कॉपीराइट नसतो. ती पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीची, म्हणजेच पब्लिक डोमेनमध्ये असते. निगेटिव्ह सरकारच्या राहण्याची अट असल्याने एव्हान्स यांची हेल काउंटीतली छायाचित्रेही या वर्गात मोडतात.

भारतात नियम वेगळा आहे. सरकारी निर्मितीवरही प्रकाशनापासून ६० वर्षे कॉपीराइट असतो. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रकाशनापासून मुदत मोजली जाई. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले आणि आता हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. म्हणून ‘जुना फोटो आहे, कोणीही वापरावा’ हा समज आपल्याकडे सरसकट खरा नाही.

पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. कॉपीराइटचा विचार फोटो काढणाऱ्यापासून सुरू होतो. फोटोत जो आहे, त्याचे स्थान या हिशेबात नाही.

कुटुंबांची तक्रार काय होती?

पुस्तक, प्रदर्शने, पोस्टर, टपाल कार्ड अशा मार्गांनी हे चेहरे जगभर गेले. कुटुंबांना त्यातून पैसे मिळाले नाहीत. डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन हे पत्रकार १९८० च्या दशकात या कुटुंबांच्या वारसांना शोधत गेले. त्यांच्या ‘अँड देअर चिल्ड्रन आफ्टर देम’ या पुस्तकाला १९९० चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ‘फॉर्च्यून’नेही पुन्हा तिकडे वार्ताहर पाठवला. दोन्ही वेळा काही वारसांनी नाराजी बोलून दाखवली. त्यांचा राग केवळ पैशांचा नव्हता. आपल्या आईवडिलांना कायमचे हताश आणि अडाणी दाखवले, हे त्यांना टोचत होते. गरिबीचे ते दिवस कुटुंबाने मागे टाकले, पण फोटोने ते मागे टाकू दिले नाहीत.

हे एकट्या हेल काउंटीचे नाही. लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेल्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्रातली स्त्री १९७० च्या दशकाच्या अखेरीस समोर आली, तेव्हा तिनेही आपल्याला त्यातून काहीच मिळाले नसल्याचे सांगितले.

नंतर कोणी वेगळ्या नजरेने पाहिले का?

विल्यम क्रिस्टनबेरी यांचा जन्म १९३६ चाच, शेजारच्या टस्कलूसातला. त्यांचे आजी-आजोबा हेल काउंटीचे. एव्हान्स यांच्या फोटोंतली माणसे त्यांच्या कुटुंबाला माहीत होती. साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने ते दरवर्षी तीच इमारत पुन्हा पुन्हा टिपत राहिले. हवाना जंक्शनची एक इमारत आधी त्यांच्या नातेवाइकांचे किराणा दुकान होती. पुढे तिथे हात पाहून भविष्य सांगणारे आले. ते गेल्यावर त्यांची पाटी फुटलेल्या खिडकीत उलटी लावली गेली. मग झाडाने इमारत गिळली. हा सगळा प्रवास त्यांच्या छायाचित्रांत दिसतो. १९७३ मध्ये त्यांच्यासोबत एव्हान्स पुन्हा हेल काउंटीत आले होते.

१९९३ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने न्यूबर्नला ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे गरजूंसाठी घरे बांधतात. गावाचे अग्निशमन केंद्र, टाउन हॉल आणि जुन्या बँकेच्या इमारतीतले वाचनालय त्यांच्याच हातचे. रॅमेल रॉस या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने इथे अनेक वर्षे राहून, बास्केटबॉल शिकवत, ‘हेल काउंटी धिस मॉर्निंग, धिस ईव्हनिंग’ हा माहितीपट केला. २०१८ च्या या माहितीपटाला ऑस्कर नामांकन मिळाले. एव्हान्स यांच्या चौकटीबाहेर राहिलेली काउंटी त्यात दिसते.

मोबाइलवर ही छायाचित्रे कशी पाहाल?

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर छायाचित्र विभागात ‘हेल काउंटी’ शोधले की नोंदी येतात. झूम करायचे असेल तर मोठी फाइल घ्या. पण सर्वांत मोठ्या टिफ फाइल बऱ्याच जड असतात, त्या वायफायवरच उतरवलेल्या बऱ्या. काउंटीनुसार नकाशावर पाहायचे असेल तर ‘फोटोग्रामर’ हा विद्यापीठीय प्रकल्प सोयीचा आहे. काउंटीवर टॅप केले की तिथली छायाचित्रे समोर येतात.

पाहताना फोटोखालची ओळ जरूर वाचा. फॉरवर्डमध्ये आणि रंग भरलेल्या आवृत्त्यांत गावाचे नाव, वर्ष आणि छायाचित्रकार आधी गळतात आणि उरतो तो फक्त ‘जुन्या काळची गरिबी’ दाखवणारा एक चेहरा. फोटो वापरायला परवानगी लागत नाही हे खरे. पण नाव, गाव आणि वर्ष सोबत ठेवायलाही काही खर्च येत नाही. बरोज कुटुंबाने धुतलेले कपडे घालून काढून घेतलेला तो दुसरा फोटोही याच संग्रहात आहे. शोधलात तर सापडतो.