दोरी धरणारा हात

मोकळ्या माळावर वारा खात उभ्या असलेल्या कुत्र्याचा सुरेख फोटो पाहिला की कुत्रा मोकळा सोडलेला आहे असंच वाटतं. बहुतेक वेळा तो मोकळा नसतो. त्याच्या पट्ट्याला बारीक दोरी असते, ती अंगावरून न नेता वर किंवा बाजूला ताणून धरलेली असते आणि तिचं दुसरं टोक चौकटीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं. मनासारखा फोटो मिळाला की कुत्र्याला बाजूला नेतात आणि कॅमेरा जरासुद्धा न हलवता त्याच जागेचा एक रिकामा फोटो घेतात. नंतर संगणकावर हे दोन फोटो एकावर एक ठेवायचे आणि जिथे दोरी आणि हात आहेत तिथे रिकाम्या फोटोतलं गवत, आभाळ येऊ द्यायचं. हे काम काही मिनिटांत होतं. वर्दळीच्या रस्त्याशेजारी किंवा अनोळखी बागेत कुत्रा मोकळा सोडून फोटो काढणारा फोटोग्राफर या व्यवसायात टिकत नाही, आणि टिकूही नये.

फोटोतून पुसला जाणारा हा हातच मला या कामाचं मर्म वाटतो. पाणवठ्यावर वाघाची वाट पाहणारा फोटोग्राफर एकटा बसू शकतो. पाळीव प्राण्याच्या फोटोग्राफरला मात्र प्राण्याला ओळखणारं, धरणारं, हाक मारणारं कुणीतरी सोबत लागतं. म्हणून या क्षेत्रात ‘शिकणं’ आणि ‘ओळखी वाढवणं’ या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्यांच्याकडून शिकायचं तीच माणसं पुढे कामही देतात, आणि त्यांतली बरीचशी कॅमेरा वापरणारी नसतात.

या कलेचा इतिहास पाहिला तरी हे दिसतं. इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये हॅरी पॉइंटरने 1870च्या दशकात मांजरांचे फोटो काढून छोट्या कार्डांवर विकले. आधी नुसती मांजरं होती, मग चहा पिणारी आणि तीनचाकी चालवणारी आली. पुढे अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या हॅरी व्हिटियर फ्रीसने मांजरीच्या पिल्लांना झगे, टोप्या घालून स्वयंपाक करताना, कपडे धुताना दाखवलं आणि त्याची पोस्टकार्डं घरोघर गेली. एक फोटो घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग लागायचा आणि तेवढा वेळ पिल्लू हलता कामा नये. त्याच्या जवळपास दोनतृतीयांश निगेटिव्ह वाया जात. पिल्लं तो शेजाऱ्यांकडून, प्राणी पाळणाऱ्यांकडून, दुकानांतून आणायचा आणि त्यांचे कपडे त्याची आई आणि घरकाम पाहणारी बाई शिवायची. ‘द लिटल फोक्स ऑफ अ‍ॅनिमल लँड’ हे त्याचं पुस्तक 1915 साली निघालं. आपण पिल्लांना नेहमी मायेनेच वागवलं असं त्याने आवर्जून लिहिलं आहे. तरीही अंगाला ताठ ठेवणाऱ्या त्या कपड्यांतली पिल्लं पाहून आज अवघडल्यासारखं होतं. तसं काम आता कुणी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

वॉल्टर चंदोहा वेगळा. युक्रेनमधून आलेल्या आई-वडिलांचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी फोटो काढून परतला आणि न्यूयॉर्क विद्यापीठात मार्केटिंग शिकू लागला. 1949च्या हिवाळ्यात त्याला बर्फात एक पिल्लू सापडलं. कोटात घालून घरी आणलेल्या त्या पिल्लाचे चाळे इतके अचाट होते की त्याचं नाव ‘लोको’, म्हणजे वेडं, असं पडलं. लोकोच्या फोटोंना बक्षिसं मिळाली, मासिकांनी ते विकत घेतले आणि चंदोहाची जाहिरात कंपनीतली ठरलेली वाट बदलली. युद्धानंतरच्या अमेरिकेत पाकीटबंद प्राणीखाद्याचा धंदा फोफावत होता आणि त्याला डब्यांवर, जाहिरातींत मांजरांचे चेहरे हवे होते. 2019 साली वयाच्या 98व्या वर्षी चंदोहा वारला, तेव्हा त्याच्या संग्रहात दोन लाखांहून जास्त फोटो होते. त्यांतले 90,000च्या आसपास एकट्या मांजरांचे. पाठीमागून येणारा उजेड केसांच्या कडांवर खेळवायची त्याची पद्धत आजही शिकवली जाते. त्या उजेडात मांजराला आणणारी, थोपवणारी, लक्ष वेधून घेणारी बहुतेक वेळा त्याची बायको मारिया असे. फोटोखाली नाव एकट्या चंदोहाचं आहे.

विल्यम वेगमनने तर हे दुसरे हात चित्रातच आणले. 1970 साली कॅलिफोर्नियात त्याने वायमरानर जातीचं पिल्लू घेतलं आणि त्याचं नाव ‘मॅन रे’ ठेवलं. 1979पासून तो पोलरॉइडच्या 20 बाय 24 इंचांचा फोटो देणाऱ्या अवाढव्य कॅमेऱ्यावर काम करू लागला. शंभर किलोंहून जड असा तो चाकांवरचा कॅमेरा चालवायलाच वेगळी माणसं लागत. मॅन रे 1982 साली गेला, त्यानंतर फे रे ही कुत्री आणि तिची पिल्लं आली. मुलांसाठीच्या त्याच्या चित्रफितींत कोट घातलेल्या कुत्र्याच्या बाह्यांतून माणसाचे हात बाहेर येतात. कुत्र्याच्या मागे दडलेला सहकारी ते हात हलवत असतो. त्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर ओढाताण दिसत नाही, कारण मालक रोज त्यांच्याबरोबर राहत होता, खेळत होता.

एलियट एरविटची नजर आणखी वेगळी. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये त्याने कॅमेरा बाईच्या चपलांच्या उंचीवर नेला आणि स्वेटर घातलेल्या इवल्याशा चिवावाला त्या पायांशेजारी टिपलं. 1974 साली त्याच शहरात त्याने घेतलेल्या फोटोत ग्रेट डेनचे उंच पाय, बाईचे बूट आणि पुन्हा एक चिवावा आहे. कुत्र्याच्या जगाची उंची म्हणजे काय, हे नवशिक्याला समजावायला ही दोन चित्रं पुरेशी आहेत.

महाराष्ट्रात ही कला परकी वाटण्याचं कारण नाही. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या दिवशी शिंगं रंगवलेल्या, झूल पांघरलेल्या, बाशिंग बांधलेल्या बैलजोडीचा फोटो गावोगावच्या फोटोवाल्यांनी काढला आहे. त्यात कासरा धरून धनी उभा असतो आणि तो हात कुणी पुसत नाही. तो हात त्या फोटोत असणं हाच त्याचा मान असतो. शहरात कुत्र्या-मांजरांचे फोटो काढणाऱ्यांनी हे फोटो जरूर पाहावेत. बैल कॅमेऱ्याकडे बघत नाही, धन्याकडे कान लावून असतो. कुत्राही तेच करतो. म्हणून धन्याला कुठे उभं करायचं हे आधी ठरवायचं आणि मग कॅमेरा कुठे लावायचा ते.

तंत्राच्या बाजूने काही वर्षांत बरंच सोपं झालं. सोनीने 2019 साली प्राण्याचा डोळा आपणहून ओळखून त्यावर फोकस ठेवणारी सोय आणली, 2020मध्ये निकॉन आणि कॅनननेही आणली. धावत्या कुत्र्याच्या डोळ्यावर फोकस टिकवणं हे पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम होतं, ते यंत्राने हलकं केलं. तरी यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी राहतातच. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून उजेड मोजतो. त्यामुळे काळा लॅब्रॅडॉर राखाडी आणि पांढरा स्पिट्झ मळकट येतो. काळ्यासाठी एक्स्पोजर उतरवायचं, पांढऱ्यासाठी चढवायचं. काळ्या कुत्र्याला भर उन्हात आणू नये. झाडाच्या कडेच्या सावलीत, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवला की डोळ्यांत उजेडाचा ठिपका उतरतो आणि चेहरा जिवंत होतो. आपल्याकडच्या कारवानीसारखं लांब निमुळतं तोंड असेल तर लेन्स पूर्ण उघडून चालत नाही. f/1.8वर डोळा स्वच्छ आणि नाक धुक्यात जातं, म्हणून f/4च्या पुढे जावं. धावता कुत्रा पकडायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद हवं. एप्रिल-मेच्या दुपारी शूटच घेऊ नये. डांबरावर पंजे भाजतात, आणि भाजलेल्या पंजाचा कुत्रा कितीही चांगल्या उजेडात दुःखीच दिसतो.

आवाजांचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. खेळण्यातली शिट्टी काढून हातात ठेवतात. ती पहिल्यांदा वाजवली की कुत्रा कान टवकारतो, मान तिरकी करतो. दुसऱ्यांदा निम्मा परिणाम होतो, चौथ्यांदा तो जांभई देतो. म्हणून सगळ्यांत नवलाचा आवाज शेवटच्या, सगळ्यांत हव्या असलेल्या फोटोसाठी राखायचा. घरच्या मंडळींना आधीच सांगावं लागतं, की सगळ्यांनी एकदम नाव घेऊन हाका मारू नका. चार बाजूंनी हाका आल्या की त्या बिचाऱ्याला कुणाकडे जावं ते कळत नाही.

आणि जांभई म्हणजे कंटाळाच असं नाही. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी कुत्र्यांच्या अशा खुणांवर लिहिलं आहे. तोंड वळवणं, नाकावरून जीभ फिरवणं, कारण नसताना जांभई देणं, यांतून कुत्रा ‘जरा दमानं घ्या’ असं सांगत असतो. डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसू लागला, शेपूट पोटाशी गेलं, की कॅमेरा खाली ठेवायचा. हे पुस्तकातून वाचता येतं, पण नजरेत बसतं ते चांगल्या ट्रेनरच्या शेजारी उभं राहून. त्याच्या वर्गाच्या कडेला बसून कॅमेऱ्याविना पाहणं हा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा अभ्यासक्रम वाटतो.

इथून ओळखींचं जाळं सुरू होतं. ग्रूमरकडे थोडा वेळ बसलं की कोणत्या केसांना कसा उजेड लागतो हे समजतं, आणि डोळ्यांवरचे केस कापून, नखं काढून बाहेर पडणारा कुत्रा फोटोला तयारच असतो. बोर्डिंगवाल्याला कुठला कुत्रा अनोळखी पुरुषाला घाबरतो ते ठाऊक असतं. पशुवैद्याकडे प्राण्याची सगळी कुंडली असते. या मंडळींकडे केवळ कार्डांचा गठ्ठा ठेवून येणाऱ्याला काम मिळत नाही. पशुवैद्याच्या दवाखान्याच्या भिंतीसाठी, त्याच्याच रुग्णांचे, मालकांच्या परवानगीने काढलेले चांगले फोटो मोठ्या आकारात छापून दिले तर प्रतीक्षालयात बसलेला प्रत्येक माणूस ते पाहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांनी फोटोग्राफरचा हात प्राण्याला लागताना पाहिलेला असतो.

श्वानप्रदर्शनं ही दुसरी शाळा. केनेल क्लब ऑफ इंडियाची स्थापना 1896ची, मुख्यालय चेन्नईत, आणि त्याच्याशी संलग्न क्लबांची प्रदर्शनं देशभर भरतात. तिथला फोटो भावनेचा नसतो, मोजमापाचा असतो. कुत्रा आडवा उभा, पाय जातीच्या नियमाप्रमाणे ठेवलेले, पाठीची रेषा स्पष्ट. कॅमेरा त्याच्या खांद्याच्या उंचीवर हवा. उभ्याने काढला की पाय आखूड दिसतात आणि कुत्रा वाढवणारा तो फोटो परत देतो. हँडलर एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने पाय सावरत असतो ते पाहण्यासारखं असतं. लंडनच्या केनेल क्लबने 2005पासून श्वान-छायाचित्रकारांची वार्षिक स्पर्धा सुरू केली. तिथली विजेती चित्रं पाहून देशोदेशींचे नवे लोक शिकतात.

आपसांतल्या चढाओढीबद्दल बरंच बोललं जातं. एकाच शहरातल्या दोन फोटोग्राफरांनी एकमेकांची दोरी धरावी, असं मला मनापासून वाटतं. अर्धा वेळ एकाने धरायची, अर्धा वेळ दुसऱ्याने. दुसऱ्याचा कॅमेरा चालू असताना कुत्रा आपल्या हाताच्या टोकाशी काय करतो, दोरीतून त्याचा ताण कसा जाणवतो, हे कळलेल्या माणसाचा पुढचा फोटो बदलतो. शिवाय आजारी पडल्यावर, तारखा अडल्यावर काम सोपवायला विश्वासाचं माणूस मिळतं.

सगळ्यांत जड काम पशुवैद्याकडून येतं. प्राण्याकडे थोडे दिवस उरले आहेत हे सांगितल्यावर घरातलं कुणीतरी विचारतं, फोटो काढून ठेवावेत का? अशा वेळी स्टुडिओ नको, प्रवास नको. त्याच्या नेहमीच्या गादीवर, बाल्कनीतल्या उन्हाच्या तुकड्यात, त्याला सोयीचं असेल तसंच काढायचं. फ्लॅश वापरायचा नाही. पांढरं झालेलं तोंड, सुरकुतलेले पंजे, झिजलेला पट्टा, हे सगळं जवळून घ्यायचं. आणि घरच्यांना फोटोत आणायचं, निदान त्यांचे हात तरी. लोक म्हणतात, आम्ही आज नीट दिसत नाही, त्याचे एकट्याचेच काढा. त्यांना समजावून बसवावं, कारण वर्षभराने ते त्याच्या डोक्यावरचा स्वतःचा हात शोधतात. इथे दोरीही पुसू नये.

दत्तक देण्याच्या फोटोंचं गणित वेगळं. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संकेतस्थळावरच्या काळ्या लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्र्यांचे फोटो तपासले होते. ज्यांचे फोटो चांगले होते त्यांना घर लवकर मिळालं. नजर कॅमेऱ्याकडे, कुत्रा उभा, मागे बाहेरची मोकळी जागा, अशा साध्याच गोष्टी त्यात कामी आल्या. ‘हार्ट्स स्पीक’ ही तिथली संस्था फोटोग्राफरांना बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यांशी जोडून देते. आपल्याकडच्या संस्थांमध्येही नवशिक्याला कामाची कमी नाही. जाळीमागून फोटो काढू नये, कुत्र्याला पाच मिनिटं फिरवून आणल्यावर काढावा. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती काही जण फोटो ‘सुंदर’ करताना भरून टाकतात. ती अजिबात भरू नये. शस्त्रक्रिया झाली आहे हे घर देऊ पाहणाऱ्याला त्या खाचेवरूनच कळतं.

तिथे दोरी धरायला रोज भाकरी घालणारा, पिंजरे धुणारा माणूसच मागून घ्यावा. त्याच्या हातात कुत्रा निवांत उभा राहतो. फोटो झाले की त्याच्याकडून त्या कुत्र्याची माहिती विचारून टिपून घ्यावी: लहान मुलांत रमतो का, मांजर सहन होतं का, पावसाच्या गडगडाटाला घाबरतो का, जेवताना कुणी जवळ गेलेलं चालतं का. फोटोखालचा मजकूर त्याच्याच शब्दांत लिहावा, आणि त्याच्या नावानिशी.