दस्तक आणि दोस्ती

बालमित्रांनो, ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत कुलाबा किल्ल्यात गेला आहात ना? तीनशे वर्षांपूर्वी इथे सरखेल कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता. त्यांच्या समुद्रातून माल न्यायचा, तर पैसे भरून परवाना घ्यायचा. त्याला म्हणत दस्तक. दस्तक नसेल, तर गलबत पकडलं जाई!

शेजारच्या मुंबईतल्या इंग्रजांना हे दस्तक मान्य नव्हतं. इकडे कान्होजींना संशय, की इंग्रजी निशाणाखाली दुसऱ्यांचाच माल जातोय. १७१३ साली तह झाला, पण विश्वास काही टिकला नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले!

आज देशादेशांत अशीच जकात असते. तिला म्हणतात आयात-निर्यात शुल्क. आपल्याकडे कांदा महागू नये म्हणून २०२३ साली भारताने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. तेव्हा शेजारच्या बांगलादेशात कांदा महागला आणि इकडे नाशिकचे शेतकरीही रागावले.

जकात घेणं वाईट नाही, मुलांनो. पण ती अचानक लादली, की शेजाऱ्याचा भरवसा उडतो. आधी बोलावं, ठरवावं आणि ठरलेलं पाळावं. पटतं ना?