शरदातला सुईदोरा

शरद ऋतू म्हटला की आपल्याला कोजागरीचे चांदणे आठवते, निवळलेले पाणी आठवते आणि दसऱ्याच्या बाजारातील झेंडूची रास आठवते. संस्कृत कवींनी या ऋतूला हंस दिले, काशाची फुले दिली, निरभ्र चंद्र दिला; सुई मात्र कोणी दिली नाही. वस्तुतः आश्विन आणि कार्तिक हे भारताच्या फार मोठ्या भागात सुईदोऱ्याचे महिने आहेत. पावसाळ्यात दमटलेले कपडे या दिवसांत उन्हात पडतात. थंडी अजून आलेली नसते, पण पहाटे तिची चाहूल लागू लागते. घरातील पांघरुणांचा हिशोब मांडायला याहून योग्य वेळ नाही.

शरद आणि शिवण यांच्या नात्याचा एक अतिशय जुना दाखला बौद्ध विनयात सापडतो. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, असा नियम होता. हा वर्षावास संपला की आश्विनी पौर्णिमेनंतरच्या महिन्यात गृहस्थांनी संघाला कापड द्यावे आणि भिक्षूंनी ते त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून त्याचे चीवर तयार करावे. ज्या चौकटीवर कापड ताणून शिवीत, तिला ‘कठिन’ म्हणत. विधीलाही तेच नाव पडले. हे चीवर अखंड कापडाचे नसते, ते तुकडे जोडून केलेले असते. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून चीवराची रचना तशी करता येईल का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ती करून दाखवली, अशी कथा विनयात आहे. चकमा समाजात या विधीसाठी एका दिवसरात्रीत सूत कातून, रंगवून, विणून चीवर सिद्ध करण्याची प्रथा आजही पाळली जाते.

आपल्या महाराष्ट्रात नवी गोधडी घालण्याचे काम पुष्कळदा उन्हाळ्यात होते, कारण शरदात खरिपाची सुगी हातघाईवर आलेली असते. परंतु गोधडीची परीक्षा होते ती शरदातच. घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून साऱ्या गोधड्या आणि वाकळा नदीवर जातात. तेथे त्या बडवून धुतल्या जातात आणि काठावरच्या खडकांवर वाळत पडतात. ओली वाकळ पिळायला दोन माणसे लागतात, आणि ती उन्हात पसरली की तिचा प्रत्येक उसवलेला टाका दिसतो. कोठे ठिगळ हवे, कोठे धावदोरा पुन्हा भरावा लागेल, कोणत्या वाकळीवर नवे जुनेर चढवावे, याचा निर्णय तेथेच होतो. पुढे खंडेनवमीला शिंप्याच्या यंत्राला हार पडतो, तेव्हा घरातल्या सुईचे बरेचसे काम होऊन गेलेले असते.

गोधडीची उब कोठून येते, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. कापडाच्या थरांमध्ये जी हवा कोंडून राहते, ती उष्णतेची वाईट वाहक असते. म्हणून अंगाची उब बाहेर जात नाही. एकाच जाड कापडापेक्षा पातळ कापडाचे पाचसहा थर अधिक उबदार ठरतात ते यामुळे. मात्र हे थर एकमेकांवरून सरकता कामा नयेत. ते काम सुईचे. वर एक, खाली एक असा साधा धावदोरा सर्व थरांतून आरपार जातो आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. जुने सुती लुगडे या कामी नव्या कापडापेक्षा सरस ठरते. शेकडो वेळा धुतल्याने त्याची खळ गेलेली असते, आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि त्याचा पोत मऊ झालेला असतो. सुई त्यातून सहज जाते, घाम ते सहज टिपते.

उत्तरेत मात्र पांघरुणाचा प्रकार निराळा. तेथील रजईत कापडाचे थर नसतात, पिंजलेला कापूस असतो. वर्षभराच्या वापराने हा कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात आणि हवा राहायला जागा उरत नाही. म्हणून थंडीच्या तोंडावर धुनिया, म्हणजे आपला पिंजारी, धनुष्यासारखी पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरतो. खोळ उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, पुन्हा भरायचा आणि वर दूर दूर टाके घालायचे, हा तिकडचा शरदातला कार्यक्रम. रजई हलकी, पण तिला पाणी चालत नाही. गोधडी जड, पण ती नदीवर जाऊन येते. दोन प्रदेशांच्या हवामानाचा आणि सवयींचा फरक असा पांघरुणात उतरला आहे.

बंगालमध्ये याच धावदोऱ्याने चित्रकलेचे रूप घेतले. तेथील ‘कांथा’ आणि आपल्याकडील बैराग्याची ‘कंथा’ हे शब्द एकाच घरातले. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवायची, साडीच्या काठातून रंगीत धागे उसवून काढायचे आणि त्याच धाग्यांनी मध्यभागी कमळ, कोपऱ्यांत वृक्ष, अधूनमधून पालखी, हत्ती, मासे भरायचे, अशी ही रीत. जसीमुद्दीन या कवीने १९२९ साली आपल्या काव्याला नाव दिले तेही या नक्षीच्या कांथेवरूनच. या कांथा जपून ठेवण्याजोग्या आहेत हे ज्यांनी आरंभीच्या काळात ओळखले, त्यांत गुरुसदय दत्त हे एक होते. ते सनदी अधिकारी. जिल्ह्यांतून फिरताना त्यांनी खेडोपाडी लोककलेच्या वस्तू गोळा केल्या. त्यांत स्त्रियांनी घरासाठी शिवलेल्या कांथाही होत्या. सरकारी दौऱ्याचा इतका चांगला उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

बिहारमधील ‘सुजनी’ नवजात बालकासाठी जुन्या मऊ कापडाची शिवीत. आपल्याकडील दुपट्यामागची भावनाही तीच: घरातील वडीलधाऱ्यांच्या अंगाखाली मुरलेले वस्त्र बाळाला पहिले मिळावे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूस सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यामार्गे आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. काम कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे जाते. शेवटी चार कोपऱ्यांवर घडी घातलेले तुकडे बसवतात. त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीबोडकी समजली जाते. थंडी अडवण्यास त्या फुलांचा काडीचाही उपयोग नाही, आणि तरीही ती हवीत.

कापसाप्रमाणे लोकरीचाही हा ऋतू आहे. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात लाहुलच्या कुरणांत गेलेले असतात, ते शरदात कळप घेऊन खाली उतरतात. चालता चालता त्यांच्या हातात तकली फिरत असते. मैदानी शहरांत याच सुमारास दुकानांतून लोकरीचे गुंडे मांडले जातात, आणि दिवाळी उलटली की कोवळ्या उन्हात बसून दोन सुयांवर विणकाम करणाऱ्या स्त्रिया दिसू लागतात. त्यांची बोटे चालतात आणि गप्पाही चालतात. शिवणविणकामाचा खरा आनंद यात आहे. हात गुंतलेले असतात, पण मन मोकळे राहते, आणि शेजारी कोणी असले तर काम अर्ध्या वेळात झाल्यासारखे वाटते.

या आनंदाच्या वर्णनात एक गोष्ट निसटू नये. ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी साधी गोधडी घ्या. एकेका इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर ७२ इंचांच्या ४८ ओळी होतात, म्हणजे ३,४५६ इंच शिवण. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीत सुमारे १४ हजार टाके पडतात. हे टाके ज्या स्त्रियांनी घातले त्यांना त्याचा मोबदला कधी मिळाला नाही, कारण तो मागावा असे कोणाला वाटलेच नाही. आज चित्र पालटले आहे. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बिहारमधील भुसुरा गावच्या स्त्रिया सुजनीवर हुंड्यापासून मद्यपानापर्यंतचे स्वतःचे प्रश्न भरतात आणि ते काम विकतात. हे इष्टच आहे. परंतु प्रदर्शनात दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाने आधी टाके मोजावेत, मग भाव करावा.

दुसरा प्रश्न कापडाचा आहे. घराघरांत पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या लवकर फाटत नाहीत, पण धुऊन धुऊन मऊही होत नाहीत. घाम टिपीत नाहीत आणि सुईखाली सरकतात. गोधडी ज्यातून जन्मली ते सुती जुनेर घरात दुर्मीळ झाले, म्हणून विकण्यासाठी शिवल्या जाणाऱ्या पुष्कळ गोधड्यांना आता नवे कापड लागते. जुन्याला नवे आयुष्य देण्यासाठी निघालेली कला नव्यावरच पोसू लागली, तर तिचे निम्मे मर्म हरपले असे म्हणावे लागेल.

यावर उपाय सोपा आहे. या शरदात कपाटातील सुती साड्या, धोतरे, पंचे, सदरे बाजूला काढावेत. मजबूत कापड तळाला आणि वर, विरलेले मध्ये, अशी मांडणी करावी. मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालून थर बसवून घ्यावेत आणि मग कडेपासून आत धावदोरा सुरू करावा. टाके वाकडे पडले तरी उब कमी होत नाही. घरात कोणी वृद्ध आजी असतील तर त्यांना शेजारी बसवावे. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे त्याच सांगू शकतील. मुलांनाही सुई ओवायला द्यावी, आणि मुलग्यांना वगळू नये. भिक्षूंचे चीवर पुरुषांनीच शिवलेले होते.