वसतिगृहाचा वारसा आणि उद्याचे मुख्याध्यापक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत न्यू कॉलेज चालवणाऱ्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस या संस्थेच्या नावातच वसतिगृह आहे, आणि शालेय नेतृत्वाचा विचार तेथूनच सुरू करणे उचित ठरते. ही संस्था राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९२० साली स्थापन झाली. शहरातील शाळा खुली असली, तरी राहण्या-जेवण्याची सोय नसलेल्या खेड्यातील मुलाला ती बंदच असते, हे ओळखून महाराजांनी १९०१ पासून विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी केली; पुढे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत प्रवेश दिला.

आजच्या मुख्याध्यापकांकडूनही हीच दृष्टी अपेक्षित आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून या जिल्ह्यात येणाऱ्या मजुरांची मुले असोत किंवा मोबाईलमध्ये गुंतलेले किशोरवयीन विद्यार्थी असोत, हजेरीपटावरील गैरहजेरीमागचे कारण वाचता येणे हे नेतृत्वाचे पहिले कौशल्य होय.

दुसरे कौशल्य अधिकार वाटून घेण्याचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती, म्हणजे शाळेच्या कामावर देखरेख ठेवणारे व विकास आराखडा सुचवणारे मंडळ, असावे लागते; तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला सोयीची वेळ ठेवून तिचे मत इतिवृत्तात आणले, तरच ही समिती कागदावरून शाळेत उतरते.

तिसरे कौशल्य अध्यापनाला दिशा देण्याचे आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांचा अनुभव आणि परिसर यांना शिक्षणाचा पाया मानले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षक व मुख्याध्यापक यांना वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे; परंतु मुख्याध्यापक वर्गात बसून शिक्षकांशी शिकवण्याविषयी बोलतील, तेव्हाच त्या तासांचे चीज होईल.

समाज बदलतो तशी मुलांच्या वाटेतील अडचणींची रूपे बदलतात; ती वेळीच ओळखून दूर करणे, हेच शाहूकालीन वसतिगृहांनी घालून दिलेले नेतृत्वाचे माप आहे.