जवसाचा चिकट रस आणि कुरळे केस

जन्मजात कुरळे केस असलेल्या बाईला आपल्याकडे कौतुक आणि बोलणी दोन्ही भरपूर मिळतात. तान्हेपणी "काय गोड जावळ आहे!" म्हणून जो तो डोक्यावरून हात फिरवतो. तीच मुलगी दहा वर्षांची झाली की "झिपऱ्या आवर वं माय त्या" सुरू होते. पुढे सोयरीक जमवताना फोटोसाठी केस चापूनचोपून बसवायचे, सासरी आल्यावर तेल थापून अंबाडा घालायचा, आणि आता तर लग्नाच्या आधी पार्लरात जाऊन केस सरळ करून घेण्याची टूम निघाली आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही जा, हेच चित्र.

तुमचे किंवा तुमच्या लेकीचे केस असे असतील तर आज सांगते ती कृती एकदा करून पाहा. लागणारे साहित्य तुमच्या डब्यात आहेच: चटणीसाठी आणलेले जवस.

आधी हे केस हट्टी का वागतात ते समजून घेऊ. केस त्वचेखाली ज्या बारीक पिशवीतून उगवतो, ती पिशवी कुरळ्या केसाच्या बाबतीत वाकडी असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसात ते पहिल्या दोन-तीन वळणांतच अडते. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला सुक्या गवतासारखे, अशी तक्रार येते. शिवाय प्रत्येक वळणावर केसाचे वरचे खवले थोडे उचललेले असतात. ते एकमेकांत अडकतात, गुंता होतो, आणि घाईत फणी ओढली की केस तुटतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी येते ते नखऱ्यामुळे नव्हे, बरं का!

त्यात आपल्या भागातले पाणी. बोअरच्या आणि बऱ्याच विहिरींच्या पाण्यात चुना जास्त असतो. गिझरमध्ये किंवा पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला की साबण आणि चुना मिळून एक चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. साध्या केसांना तो खपतो, कुरळ्यांना नाही. म्हणून केस शिकेकाईने किंवा सौम्य शाम्पूने धुवावे. जमत असेल तर शेवटचा तांब्या उकळून, गार करून, वरवर निवळून घेतलेल्या पाण्याचा घ्यावा. उकळल्याने चुन्याचा बराच भाग तळाशी बसतो.

आता कृती. पाव वाटी जवस निवडून, एकदा पाण्याखालून काढून घ्यावे. भाजू नये, कुटू नये. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी आणि जवस घालून मध्यम आचेवर ठेवावे आणि ढवळत राहावे, नाहीतर दाणे तळाला धरतात. उकळी आली की आच मंद करावी. सात-आठ मिनिटांत वर पांढरा फेस येऊ लागतो आणि पळी उचलली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी तार सुटते. इथेच गॅस बंद करावा. गार झाल्यावर घट्ट होईलच म्हणून आणखी आटवू नका. फार आटवले तर दाण्यांपासून रस सुटतच नाही.

गाळणे गरम असतानाच. मोठ्या भोकांची गाळणी किंवा स्वच्छ धुतलेला जुना नायलॉनचा मोजा उत्तम. मलमलीतून लवकर उतरत नाही. गाळलेला रस कोमट झाला की त्यात एक छोटा चमचा खोबरेल घालून काट्याने चांगले फेटावे. तेल काही वेळाने वर येणारच, तेव्हा वापरताना बाटली हलवून घ्यावी. थंडीत यवतमाळला खोबरेल थिजते आणि रसात पांढऱ्या कण्या दिसतात. त्या दिवसांत तिळाचे तेल घ्यावे. उरलेले शिजलेले दाणे टाकू नका हो, थालीपिठाच्या पिठात मळा.

यात काम कोण करते? जवसाच्या दाण्याच्या सालीत एक चिकट द्रव्य असते, गरम पाण्यात ते सुटते आणि वाळल्यावर केसावर पातळ पापुद्रा धरते. त्या पापुद्र्याने वळणे एकत्र बांधली जातात, पिंजारत नाहीत. मऊपणाचा भाग तेलाचा. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी जाते, हे आरती रेले आणि रा. भा. मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाचा तसा गुण त्यांना आढळला नाही. आपल्या आज्यांना याचे नवल वाटले नसते!

इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जवसाचा रस वेगळा आणि जवसाचे तेल वेगळे. जवसाचे तेल हवेत वाळून कडक होणारे आहे, म्हणून तर ते रंग-वार्निशात वापरतात. ते केसांत घातले तर चिकटा बसतो आणि वास धरतो. विदर्भातल्या जुन्या घरांत ते खाण्यात असे, तिथेच त्याची जागा. माघात निळ्या फुलांनी डोलणारे जवस आता सोयाबीन-हरभऱ्याच्या राज्यात कमी दिसते, पण किराण्याच्या दुकानात मिळत नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात विरळाच.

पुष्कळ ठिकाणी या रसात ग्लिसरीन घालायला सांगतात. माझे मत विचाराल तर आपल्या हवेत नको. मे महिन्यातल्या कोरड्या झळांत त्याला बाहेर ओलावा मिळत नाही, आणि श्रावणात इतका मिळतो की केस फुगून बसतात. कोरफड घालायची असेल तर पान कापून पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे, पिवळा चीक निथळू द्यावा, मग आतला गर घ्यावा. त्या चिकाने खाज सुटते. कोणतीही नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाचा रस डोक्याला लावून उन्हात जाणे तर मुळीच नको. त्वचेवर डाग आणि फोड उठू शकतात.

लावायची रीत महत्त्वाची आहे. केस निथळते ओले असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी शेंडे, मग मधला भाग, शेवटी मूळ असे विंचरावे. कोरडे असताना कुरळे केस विंचरू नयेत. मग खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन चमचे रस तळहातावर घेऊन, केसांचे चार भाग करून, मधून खालपर्यंत लावावा. डोक्याच्या त्वचेला नको. डोके खाली झुकवून केस ओंजळीत घेऊन मुठीने वर दाबावे. पाणी टिपायला खरखरीत टॉवेल न घेता जुन्या धोतराचा किंवा सुती गंजीचा तुकडा घ्यावा. आपला जिल्हा कापसाचा, तेव्हा जुन्या सुताची वाण घरात कशाला असेल? नंतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. वाळल्यावर केस कडक लागतील, घाबरू नका. हाताला थेंबभर खोबरेल चोळून केस हलके चुरगाळले की कडकपणा मोडतो आणि वळणे राहतात.

पांढरे कण पडले तर तो कोंडा नव्हे. रस जास्त झाला, किंवा आधीच्या तेलावर लावला गेला, असे समजा. सासूबाईंचा आग्रह तेलाचाच असेल तर वाद घालू नका. न्हाण्याच्या दोन तास आधी त्यांच्याच हातून चोळून घ्या आणि धुऊन टाका. त्यांचेही मन राहते आणि केसही.

केसांना लावून न धुता तसाच ठेवायचा हा रस आपल्याकडे आणखी एका कारणाने सोयीचा. बाजारच्या कंडिशनरला धुवायला निदान अर्धी बादली पाणी जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह तळाला गेले तेव्हा यवतमाळच्या बायकांनी एकेक हंडा कसा पुरवला ते सांगायला नकोच.

रस खाण्याच्या पदार्थासारखाच नासतो. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, बाहेर एक दिवससुद्धा नाही. पाण्यासारखा पातळ झाला किंवा आंबूस वास आला की मोह न धरता ओतून द्यावा. डोक्याला ओरखडा असेल तर असा रस त्रास देतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवल्यास महिनाभर चालतो, लागेल तशी एक-दोन वडी आदल्या रात्री खाली काढावी.

लेकीच्या लग्नासाठी केस सरळ करायचेच असा हट्ट असेल, तर निदान क्रीममध्ये काय आहे ते वाचा. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. २०२० ते २०२२ या काळात तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. नंतर तिची मूत्रपिंडे सुधारली, पण उलट्या, ताप आणि पाठदुखी तीनदा सोसावी लागली. डोळे झोंबवणारा धूर निघत असेल तर तिथे बसूच नये.

आणि डोक्यावरून हात फिरवताना एकदम पुष्कळ केस हाती आले म्हणून धसका घेऊ नका. रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. सरळ केसांचे ते रोजच्या विंचरण्यात निघून जातात. कुरळे केस आठवड्यातून दोनदाच विंचरले जात असल्याने साठून एकदम येतात. मात्र भांग रुंद होत चालला, टक्कल दिसू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. शाळकरी मुलीच्या वेण्या फार घट्ट घालण्यानेही कपाळाशी केस विरळ होतात. दोन वेण्यांचा नियम असेल तर ओल्या केसांना चमचाभर रस लावून वेण्या सैल घालाव्या आणि वरून रिबीन बांधावी. संध्याकाळी सोडल्या की गुंता निम्म्यावर येतो.